घोळ

माझं पोट दुभाषीपणावर चालतं. ग्वांगचौला वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, कँटन फेअर भरतं. त्या दिवसांत भारतातून माल बघायला आलेल्या व्यापाऱ्यांबरोबर मी सकाळपासून हिंडते. बिजागऱ्या, कड्या, कुलुपं, नळ, दाराच्या मुठी. त्यांचं मराठी-हिंदी चिनीत करायचं, समोरच्याचं चिनी मराठी-हिंदीत. या कामात सांभाळायचं ते एकच: एकाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत पोचलं पाहिजे, मधे सांडता कामा नये. बारा वर्षं हेच करतेय. आणि तरी स्वतःच्या हातांची वेळ आली तेव्हा मी दोन डॉक्टरांना आठ आठवडे एकमेकांचा पत्ता लागू दिला नाही.

इसब मला लहानपणापासून आहे. कोपराच्या आणि गुडघ्याच्या आतल्या वळणात यायचं आणि जायचं. हातांवर उतरलं ते चीनमध्ये आल्यावर. चिनीत इसबाला शीझन म्हणतात. ‘शी’ म्हणजे ओल, ‘झन’ म्हणजे पुरळ. वळणांत येणाऱ्या प्रकाराला जुन्या वैद्यकात वेगळं नाव आहे, सवानफंग: चार वाकणांचा वारा. दोन कोपरं, दोन गुडघे आणि त्यात शिरून बसलेला वारा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खाज विसरून मी त्या नावाकडे बघत बसले होते.

ओलीवर इथे कुणीही विश्वास ठेवेल. हिवाळा सरता सरता, फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान, हुइनानथिएन नावाची हवा येते. गार पडलेल्या घरात दक्षिणेचा उबदार, दमट वारा शिरतो आणि भिंतींना अक्षरशः घाम फुटतो. फरशीवर पाणी, आरशावर पाणी, कपाटातल्या चपलांना बुरशी. मग जो तो म्हणतो, अंगात शीची शिरली, ओल शिरली. आमच्या शेजारच्या आयीचा तर तो आवडता विषय. (आयी म्हणजे चिनीत मावशी. मला पहिलं वर्षभर प्रत्येक हाकेला दचकायला व्हायचं.) माझे हात बघून तिने निकाल दिला होता: ओल आणि उष्णता, दोन्ही. आंबा बंद कर. मराठी माणसाला आंबा बंद कर म्हणणं ही इलाजाची फार वाईट सुरुवात आहे.

पहिला घोळ ट्यूबचा.

बाजारातल्या ओळखीच्या एका बाईने वीचॅटवरून ती दिली. पांढरी ट्यूब, तिच्यावर हिरवी पानं, ‘वाडवडिलांचा गुप्त उपाय’ अशी अक्षरं आणि खाली ठळक: ‘शुद्ध वनस्पती, जीसू अजिबात नाही’. जीसू म्हणजे हार्मोन, बोलण्यात त्याचा अर्थ स्टिरॉइड. आपल्याकडे जशी स्टिरॉइडची धास्ती, तशीच इथे जीसूची. मीही घाबरणाऱ्यांतलीच. ट्यूब लावली आणि तिसऱ्या दिवशी हात तान्ह्या बाळासारखे मऊ. शंका यायला हवी होती ती इथेच. झाडपाला असा तीन दिवसांत जादू करत नाही, हे मलाही कळतं. पण खाज थांबल्यावर माणूस फार कृतज्ञ होतो आणि कृतज्ञ माणूस प्रश्न विचारत नाही. पाच महिने लावली, सात ट्यूबा. हातांवरून कोपरांच्या वळणात, तिथून मानेला.

मग ती बाई गावी गेली आणि ट्यूब संपली. नवव्या दिवशी पहाटे जाग आली तेव्हा उशीचा अभ्रा मानेला चिकटला होता. लस वाळून घट्ट झालेली. हात सुजलेले, लाल, बोटांच्या बेचक्यांत पाण्याने टच्च भरलेले बारीक फोड, आणि कोपराच्या आतली कातडी पतंगाच्या कागदासारखी पातळ. खालच्या निळ्या शिरा मोजता येत होत्या.

मोठ्या जनरल हॉस्पिटलच्या त्वचा विभागात गेले. तरुण डॉक्टर होते, बाहेर साठेक माणसं ताटकळत होती, माझ्या वाट्याला चारेक मिनिटं. त्यांनी हातांकडे ओझरतं बघितलं आणि विचारलं, काय लावत होतात? ट्यूब सोबत होतीच. त्यांनी ती उलटी केली, बारीक अक्षरांतल्या एका चिन्हावर नख ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. ‘शियाओ’.

हे मला बारा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे सांगते. चीनमध्ये औषधाच्या वेष्टनावर राष्ट्रीय औषध परवान्याचा क्रमांक असतो आणि त्यात एक इंग्रजी अक्षर. एच असेल तर रासायनिक औषध, झेड असेल तर चिनी औषध, एस म्हणजे जैविक. माझ्या ट्यूबवर यातलं काहीच नव्हतं. होतं ते ‘शियाओ’, म्हणजे निर्जंतुकीकरणाचा माल. हात पुसायच्या द्रवाच्या पंक्तीतला. त्या परवान्यावर कुठलाही रोग बरा होतो असा दावाच करता येत नाही. तरी लोक लावतात, कारण पानं हिरवी असतात. 2021च्या जानेवारीत फूच्यान प्रांतातल्या चांगचौचं एक प्रकरण देशभर गाजलं. पाच महिन्यांच्या बाळाचा चेहरा सुजून गोल झाला, अंगावर लव वाढली. बाळाला लावत होते त्या ‘शियाओ’वाल्या क्रीममध्ये क्लोबेटासॉल निघालं, त्वचेवर लावायच्या स्टिरॉइडांच्या सगळ्यात जहाल गटातलं. आणि हे फक्त इथलं नाही. 1999 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लंडनच्या डॉक्टरांनी रुग्णांकडच्या अकरा ‘चिनी वनस्पती क्रीम’ तपासून निकाल छापला होता. अकरापैकी आठांत डेक्सामिथासोन होतं.

म्हणजे चिनी आणि पाश्चात्त्य औषधांचा संयोग मी पाच महिने करतच होते. मला कुणी कळवलं नव्हतं, इतकंच.

डॉक्टरांनी लिहून दिलं ते स्टिरॉइडच, मोमेटासोन 0.1 टक्का. मी आवंढा गिळला. त्यांनी माझी तर्जनी धरली, टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून मलमाची एक रेघ काढली आणि म्हणाले, हे अर्धा ग्रॅम, एवढ्यात दोन तळव्यांएवढी जागा. याहून जास्त नको, आणि घाबरून कमीही नको. हे पेराचं माप ब्रिटनमध्ये 1991च्या सुमारास रूढ झालं. पहिलं लावायचं स्टिरॉइड, हायड्रोकॉर्टिसोन, 1952चं. त्या दोन्हींच्या मधल्या चाळीस वर्षांत लोकांना ‘पातळ लावा’ यापलीकडे काय सांगत असतील कोण जाणे. माझ्या गुप्त ट्यूबचं खरं पाप स्टिरॉइड हे नव्हतं. किती आहे, कोणतं आहे आणि कधी थांबायचं, हे ती सांगत नव्हती.

बरोबर साधं मॉइश्चरायझर. किती? आठवड्याला 250 ग्रॅम. मी म्हटलं, महिन्याला ना? आठवड्याला. कातडीची विटांची भिंत असते, तिच्यातला सिमेंट काही जणांत जन्मतःच कच्चा असतो, वगैरे त्यांनी भराभर सांगितलं. त्या भिंतीला लागणाऱ्या फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातला दोष आणि इसब यांचा संबंध 2006 साली सापडला, हे मी नंतर वाचलं. आणि तिसरं, गोळ्या. दोन-दोन, दिवसातून तीनदा. वेष्टनावर अक्षर एच. नुकताच धडा शिकलेली मी लगेच वाचलं: एच, म्हणजे रासायनिक, म्हणजे पाश्चात्त्य. हे एच लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढच्या खेपेला पाठीवर पॅच टेस्ट. चिकटपट्टीवर छोट्या वाट्या, प्रत्येकीत एकेक संशयित. 48 तास आंघोळ नाही, पाठ खाजवायची नाही. पट्ट्या काढल्या तेव्हा एक चौकोन लालभडक आणि फोडांनी भरलेला होता. निकेल. मी जरा वेळ गप्पच बसले. एप्रिल आणि ऑक्टोबर. एप्रिलला ओल असते हे खरं, पण ग्वांगचौचा ऑक्टोबर कोरडा असतो, तेव्हाही हात फुटायचेच. मी दरवेळी काहीतरी नवं कारण काढायची, आणि कारण माझ्या मुठीत होतं: निकेलचा मुलामा दिलेल्या बिजागऱ्या आणि कुलुपं, दिवसाला दोन-तीनशे, दर सहा महिन्यांनी. हे जिभेवरून किंवा नाडीवरून कुणालाच कळलं नसतं. आतून सुती आणि वरून व्हिनाइलचे हातमोजे तेव्हापासून पर्समध्ये आहेत.

इथे खरं म्हणजे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण आयी होती.

‘शी यी बियाओवर इलाज करतं, चोंग यी बनवर.’ पाश्चात्त्य वैद्यक शेंड्यावर, चिनी वैद्यक मुळावर. हे वाक्य चीनमध्ये तुम्हाला रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत कुणीही ऐकवेल. मला ते कधीच पटलं नाही, निकेल सापडल्यावर तर अजिबातच नाही. यापेक्षा मूळ ते काय असतं? पण कोपरांचं जुनं इसब निकेलने आलेलं नव्हतं आणि रात्रीची खाज पुरती जात नव्हती. शेवटी आयीच्या मागोमाग चिनी वैद्यकाच्या हॉस्पिटलात गेले.

माझ्या डोळ्यांसमोर वैद्यांचा दवाखाना होता, लाकडी खणांची भिंत वगैरे. खण होते. पण शेजारी रक्ततपासणीची लॅब होती, सीटी स्कॅन होतं आणि डॉक्टरबाईंच्या टेबलावर माझ्या मागच्या सगळ्या रिपोर्टांसाठी जागा होती. इथे चिनी वैद्यकाच्या पदवीत शरीरशास्त्र, औषधशास्त्र, सगळं शिकवतात. चिनी वैद्यकाचा डॉक्टर मोमेटासोनही लिहून देऊ शकतो. 1982च्या राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमात आधुनिक आणि पारंपरिक अशी दोन्ही वैद्यकं वाढवायची असं लिहिलेलं आहे, आणि दोन्ही एकत्र वापरायच्या पद्धतीला पन्नासच्या दशकापासून स्वतःचं नावही आहे, चोंगशीयी जिएह. मी मात्र रिपोर्टांची पिशवी मांडीखाली दाबून बसले.

बाई साठीच्या असतील. भारतातली म्हटल्यावर के दिहुआ निघाले. म्हणजे डॉ. कोटणीस. मराठी माणसाला इथे हे चुकत नाही, आणि दरवेळी छाती फुगते ती फुगतेच. मग त्यांनी मनगटावर तीन बोटं ठेवली, आधी एका हाताला, मग दुसऱ्या. जीभ बघितली: कडांवर दातांचे ठसे, वर पिवळट, चिकट थर. झोप, पोट, पाळी, तहान लागते का आणि लागली तर गार पाणी हवंसं वाटतं की कोमट. वीस मिनिटं. माझ्या इसबाला इतका वेळ आजवर कुणी दिला नव्हता, आणि सांगते, निम्मा गुण तिथेच येतो. मग हात. कुठे ओलं, कुठे कोरडं, कुठे जाड. त्या लिहीत होत्या तेव्हा मी उलटं वाचत होते: ओल-उष्णता, खाली रक्ताची उणीव आणि वाऱ्याचा कोरडेपणा. गंमत अशी की तरुण डॉक्टरांनी लिहिलं होतं ‘लस येणारे तीव्र चट्टे, जुन्या जाड झालेल्या जागी’. डोळे दोघांचेही त्याच जागेवर गेले होते. शब्द मात्र एका घरचे नव्हते. एकाचा शब्द दुसऱ्याच्या शब्दात ओतायचा नाही, हे दुभाष्याला कळतं. ‘ओल’ म्हणजे ‘सूज’ असं भाषांतर मी कधी करणार नाही.

‘आणखी काही औषधं चालू आहेत?’

‘नाही.’

का म्हणाले? मराठी घरात वाढलेल्या कुणालाही हे विचारावं लागू नये. वैद्यांसमोर गोळ्यांचं नाव काढायचं नाही आणि डॉक्टरांसमोर वैद्यांचं. दोघंही रागावतात, आणि रागावलेल्या डॉक्टरांपुढे आपण पुन्हा पाचवीत जातो.

काढा मिळाला तो शियाओफंगसान या जुन्या काढ्याच्या धर्तीवर बांधलेला. ‘वारा घालवणारं चूर्ण’. मिंग काळातल्या छन शिगोंग यांच्या 1617च्या शल्यवैद्यकाच्या ग्रंथातला, मुळात तेरा द्रव्यांचा. कागदाची पुडी उघडली की पुस्तकाचं पान समजतं. काळे तीळ. जिप्समचे पांढरे खडे, जे वेगळे आधी उकळायचे. आणि सिकाडा नावाच्या किड्याने टाकलेली कात. ती मी हातात घेऊन बघितली. मधाच्या रंगाची, पोकळ, सहाही पाय जागच्या जागी, डोळ्यांच्या जागी दोन पारदर्शक फुगे, पाठीवर उभी चीर, जिच्यातून किडा निघून गेला. जुन्या वैद्यांनी हिला कातडीच्या रोगात का घेतलं हे समजायला पदवी लागत नाही. ते बरोबर आहे का, हा प्रश्न वेगळा.

मूळ तेरांतलं एक द्रव्य त्यात नव्हतं, मूतोंग. विचारल्यावर बाईंनी सरळ सांगितलं. मूतोंग म्हणून बाजारात क्वान-मूतोंग नावाची ॲरिस्टोलोकिया कुळातली वेल विकली जायची, तिच्यातलं ॲसिड मूत्रपिंडं निकामी करतं आणि कर्करोगही आणतं. 1990च्या दशकात बेल्जियममध्ये वजन उतरवायच्या गोळ्यांत याच कुळातली दुसरी वनस्पती चुकून आली आणि अनेक बायकांची मूत्रपिंडं गेली. चीनने 2003मध्ये क्वान-मूतोंग औषधांतून काढून टाकलं. ‘हजार वर्षं वापरलं म्हणून निर्धोक, असं मी शिकवत नाही,’ एवढंच त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

सात पुड्या, 230 युआन. मातीच्या भांड्यात अर्धा तास भिजवायचं, उकळी आली की आच मंद, गाळायचं, पुन्हा पाणी घालून उकळायचं, दोन्ही पाणी एकत्र करून दोन वेळांत प्यायचं. हॉस्पिटल काढा करून बंद पाकिटांतही देतं, पण मी हौशी. घरभर पावसात भिजलेल्या गोणपाटाचा वास. चव सांगत नाही.

तर आठ आठवडे असं चाललं. रात्री मलम एका डॉक्टरांचं, सकाळ-संध्याकाळ काढा दुसऱ्यांचा, जेवणानंतर गोळ्या पहिल्यांच्या. हात सुधारले. फार सुधारले. मी मनातल्या मनात दोन्ही वैद्यकांचं लग्न लावून मोकळी झाले होते.

दुसरा घोळ फेअरच्या तिसऱ्या दिवशी. संध्याकाळी मोजे काढले तर घोट्यावर खोल वळ, बोट दाबलं की खड्डा राहायचा. चाललेय म्हणून असेल. चौथ्या दिवशी प्रदर्शनाच्या जिन्यात पाय उचलेनात, जणू मांड्यांत ओली वाळू भरलीय. एका व्यापाऱ्याकडे रक्तदाब मोजायचं छोटं यंत्र होतं, नमुना म्हणून घेतलेलं. 152 आणि 96. माझा रक्तदाब आयुष्यभर 110च्या वर गेला नव्हता. मी यंत्रात खोट काढली, त्यांनी स्वतःचा मोजून दाखवला. एकशे अठरा.

रक्तात पोटॅशियम 3.1. साडेतीनच्या खाली असू नये. तरुण डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि पहिल्यांदाच खुर्ची माझ्याकडे वळवली. आणखी काय घेता? यावेळी मी पिशवी उघडली. काढ्याचा कागद त्यांच्या चिठ्ठीशेजारी ठेवला. त्यांनी पेन घेतलं आणि दोन गोल काढले. काढ्याच्या कागदावर नववं नाव: गानत्साओ, 10 ग्रॅम. त्यांच्या स्वतःच्या चिठ्ठीवर, त्या एचवाल्या गोळ्यांच्या लांबलचक नावात मधेच: गानत्साओ.

गानत्साओ म्हणजे ज्येष्ठमध.

ती दोन अक्षरं दोन्ही कागदांवर मी शंभरदा वाचली असतील. शब्दांवर पोट असलेली बाई! एका कागदावर वनस्पती म्हणून वाचली, दुसऱ्यावर रसायन म्हणून, आणि एच बघून डोकं बंद केलं. चीनमध्ये इसबासाठी त्वचेचे डॉक्टर ज्येष्ठमधातून काढलेल्या ग्लायसिरायझिनच्या गोळ्या सर्रास देतात. परवाना रासायनिक औषधाचा, मूळ मात्र तेच. गोळीत 25 मिलिग्रॅम, मी रोज सहा घेत होते: दीडशे. आणि चिनी औषधकोशाप्रमाणे वाळलेल्या ज्येष्ठमधात हेच द्रव्य निदान 2 टक्के तरी असावं लागतं. दहा ग्रॅममध्ये दोनशे मिलिग्रॅम. सगळं काढ्यात उतरत नसेल, पण हिशोब लक्षात आलाच असेल. गोळ्या देणाऱ्याने ठरवलेला डोस वेगळा, काढा देणारीने ठरवलेला वेगळा, माझ्या पोटात बेरीज.

काम कसं चालतं ते डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीवर काढून दाखवलं. आपल्या शरीरात रोज कॉर्टिसॉल बनतं, म्हणजे आपलं घरचं स्टिरॉइड. मूत्रपिंडात एक एन्झाइम दारावर उभा राहून त्याला निष्क्रिय करतो. ज्येष्ठमध त्या द्वारपालाला झोपवतं. मग कॉर्टिसॉल आत घुसतं आणि मीठ-पाणी धरून ठेव, पोटॅशियम बाहेर टाक, असे हुकूम सोडत सुटतं. घोटे, रक्तदाब, मांड्यांतली वाळू, सगळं त्यातून. जीसूला घाबरणारी मी स्वतःच्याच जीसूचं दार उघडं टाकून बसले होते.

ते रागावले नाहीत. गोळ्या बंद केल्या, पोटॅशियम सुरू केलं, आणि म्हणाले, हे सगळे कागद घेऊन त्या बाईंकडे जा, इथून पुढे दोन्ही औषधं एकाच माणसाने बघितलेली बरी, आणि त्या माझ्यापेक्षा जास्त वेळ देतील. हे वाक्य बोलायला मोठेपणा लागतो.

बाईंनी सगळे कागद पत्त्यांसारखे मांडले. ज्येष्ठमध खोडलं. मग एक जुनं सूत्र म्हणाल्या, आयीच्या वाक्याचं थोरलं भावंड शोभेल असं: घाईच्या वेळी शेंड्यावर इलाज करावा, सवड असेल तेव्हा मुळावर. भडका उडालाय तेव्हा मोमेटासोन, एका पेराच्या मापाने. शांत झालं की आठवड्यातून दोनच रात्री, नेहमी फुटणाऱ्या जागांवर, बरं दिसत असलं तरी. मॉइश्चरायझर रोजचं. काढा दोन-दोन आठवड्यांचा आणि दर महिन्याला यकृत-मूत्रपिंडाची तपासणी. काढ्यातली बायशियेनफी नावाची साल त्यांनी तेव्हाच कमी केली, यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत म्हणून. आणि लस येत असेल तेव्हा मलमाआधी ओली पट्टी.

पट्टी कशाची? त्यांनी लिहिलं, माचिशिएन. घोड्याच्या दातांची भाजी. फोटोत बघितलं तर लालसर, मांसल देठ, बोटाच्या नखाएवढी, जाडसर पानं, जमिनीसरशी पसरलेली.

घोळ! आपली घोळीची भाजी.

कँटनीजमध्ये तिला कलिंगडाच्या बियांची भाजी म्हणतात. वाळलेली साठ ग्रॅम घोळ दोन लिटर पाण्यात वीस मिनिटं उकळायची, गाळून पूर्ण गार करायची. सुती कापडाच्या सहा-आठ घड्या करून त्यात बुडवायच्या आणि पिळायच्या अशा, की टपकणार नाही पण दाबलं की पाणी दिसेल. वीस मिनिटं ठेवायची, मधे दोन-तीनदा बदलायची. रंग पातळ चहाचा, वास ओल्या मातीचा. पहिल्यांदा ठेवली तेव्हा हाताची आग जी विझली, ती अजून आठवते. काही पट्ट्यांनंतर फोडांचं पाणी आटायचं आणि मग मलम कातडीवर टिकायचं, लसीवर तरंगायचं नाही. यात घोळीचा गुण किती आणि गार ओल्या फडक्याचा किती, हे मला सांगता येणार नाही. नुसत्या गार पाण्याच्या पट्ट्या पाश्चात्त्य वैद्यकातही देतात.

हाच प्रश्न सगळ्याच काढ्यांना आहे. 1990च्या सुमारास लंडनच्या चायनाटाउनमधल्या एका चिनी वैद्यबाईंच्या काढ्याने इसबाची मुलं बरी होताना तिथल्या बालरुग्णालयाच्या डॉक्टरांना दिसली. त्यांनी दहा वनस्पतींचा ठरावीक काढा बनवून रीतसर चाचण्या केल्या, 1992मध्ये निकाल छापले, आणि गुण दिसला. पण तो काढा पुढे बाजारात टिकला नाही. हाँगकाँगच्या चिनी विद्यापीठाने 2007मध्ये पाच वनस्पतींच्या कॅप्सूल 85 मुलांवर तपासल्या. इसबाच्या तीव्रतेचे गुण खोट्या कॅप्सूलपेक्षा फारसे वेगळे निघाले नाहीत, पण मुलांना बरं वाटलं आणि त्यांना स्टिरॉइड मलम सुमारे एक तृतीयांश कमी लागलं. मग 2013मध्ये कोक्रेनने, म्हणजे जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेने, 28 अभ्यास आणि 2306 रुग्ण एकत्र करून बघितले आणि ठाम काही सांगता येत नाही, अभ्यास कच्चे आहेत, असं म्हटलं. मी या तिन्ही गोष्टी आयीला सांगितल्या. ती म्हणाली, मग तुझा हात बरा कसा झाला?

हाताचं म्हणाल तर मोमेटासोनची दहा ग्रॅमची ट्यूब पूर्वी तीन आठवड्यांत संपायची, आता साडेतीन महिने पुरते. काढा सहा महिन्यांनी थांबला, आता फक्त हुइनानथिएनच्या आधी दोन आठवडे घेते. यातलं काय कशाने झालं? हातमोजे, आठवड्याचं 250 ग्रॅम मॉइश्चरायझर, पेराचं माप, काढा, की गुप्त ट्यूब सुटली म्हणून? माझ्याकडे दुसरी मी नाही, जिला काढा न देता बघता येईल. माझा अंदाज विचाराल तर सगळ्यात मोठा वाटा हातमोज्यांचा आणि मॉइश्चरायझरचा, आणि काढ्याने झोप सुधारली. पण हा अंदाज आहे, आणि मॉइश्चरायझरवर कुणी कथा लिहीत नाही. फार तीव्र इसब असणाऱ्यांसाठी चीनमध्ये 2020पासून ड्युपिल्युमॅबचं इंजेक्शनही आहे. माझ्यावर ती वेळ आली नाही.

पथ्याची यादी मी अर्धीच पाळली. कोळंबी आणि मटण पहिले दोन महिने सोडलं, फरक दिसला नाही, पुन्हा धरलं. आंबा पहिल्या दिवसापासून चालू होता. बाईंना ते सांगितलं, सगळंच सांगायचं ठरलं होतं म्हणून. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. उलटं वाचलं: ‘आंबा खाते’.

परवा सकाळी बाजारात ताजी घोळ दिसली. भाजीवाली मला ओळखते. मागच्या वर्षी मी तिच्याकडून पिशव्या भरभरून न्यायची. जुडी उचलत तिने विचारलं, हाताला की खायला? खायला, म्हटलं. लसूण घालून परतणार होते. तिने जुडी झटकली, मुळांची माती काढली, पिशवीत कोंबली आणि बजावलं: फार थंड असते, लागोपाठ दोन दिवस खाऊ नकोस, पोट बिघडेल. आणि तुझ्या डॉक्टरीणबाईला विचार आधी.